दांड्याच्या बावीचं पाणी

वैशाख लागला की माझं डोकं फिरतं. घरातल्यांना हे ठाऊक आहे आणि ते त्याचं खापर उकाड्यावर फोडतात. सून पंखा वाढवते, मुलगा विचारतो, "बीपीची गोळी घेतलीस ना?" घेतलेली असते. या रागाचा उकाड्याशी नि बीपीशी काडीचा संबंध नाही. या दिवसांत लोकांना हापूस आठवतो, करवंदं आठवतात, गच्चीवर वाळत घातलेले पापड आठवतात. मला बैलाच्या पित्ताचा वास आठवतो आणि त्याच्यामागोमाग एका वहीतली एक ओळ. ती ओळ माझ्याच हस्ताक्षरात आहे, म्हणून तर जास्त जळफळाट होतो.

यंदा निमित्त सईचं झालं. सई माझी नात, अंधेरीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. परवा चहा पिता पिता आपल्या प्रोजेक्टबद्दल सांगत होती. रस्त्यावरच्या वडापावच्या गाड्यांवरून हिरवी चटणी गोळा करायची आणि तिच्यात पोट बिघडवणारे जंतू आहेत का बघायचे.

"एका गाडीचं रीडिंग बसतच नव्हतं गं आजी. सगळ्यांच्या चटणीत जंतू सापडले, याच्या चटणीत काहीच नाही. मॅम म्हणाल्या, काढून टाक, तुझंच काहीतरी चुकलं असणार."

"मग?"

"मग काय, काढलं. एकच तर होतं."

"पुन्हा करून का नाही बघितलंस?"

"सबमिशन आहे ना यार आजी. आणि ती गाडी गटाराच्या शेजारी आहे. तिथली चटणी क्लीन कशी असेल? तूच सांग ना."

मी बशी इतक्या जोरात खाली ठेवली की चहा टेबलभर झाला. पोरगी बावरली. तिला वाटलं म्हातारीला काहीतरी झालं. झालं होतंच, पण साठ वर्षांपूर्वी.

तेव्हा मी पार्ल्याला राहत होते आणि एम.एस्सी. करत होते. महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं, पार्ल्यात अजून वाड्या होत्या, वाड्यांत विहिरी होत्या, आणि संध्याकाळी वारा फिरला की बिस्किटं भाजल्याचा वास थेट माजघरात यायचा. माझे वडील लवकर गेले. आई आणि मी वडिलांच्या थोरल्या भावाच्या, भाऊकाकांच्या वाडीत दोन खोल्यांत राहत होतो. भाऊकाका पेन्शनर, सोवळ्याचे कडक, पण माणूस म्हणून वाईट नव्हते. मला त्यांनीच शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे बोलणार आहे ते ऐकून तुम्ही म्हणाल, ज्या ताटात जेवली त्यालाच भोक पाडते.

वाडीत तोवर नळ आला होता. पण नळाच्या पाण्याने फक्त कपडे आणि भांडी. नळाच्या आत चामड्याचा वायसर असतो, तेव्हा ते पाणी देवाला चालत नाही नि पोटाला त्याहून नाही. प्यायचं पाणी विहिरीचं. भाऊकाका पहाटे ओल्या पंचाने रहाट ओढत, घागर दोनदा विसळत, आणि ती घागर स्वयंपाकघरात जाईपर्यंत आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे राहायचो. पदराचा वारा लागला तरी घागर उपडी व्हायची. इतकं जपलेलं पाणी. आदल्या वर्षी त्यांची मुलगी शालू मुदतीच्या तापाने बेचाळीस दिवस अंथरुणात होती, तिचे गुडघ्यापर्यंतचे केस गळून गेले, तरी विहिरीकडे बोट दाखवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मुदतीचा ताप म्हणजे विषमज्वर, आताच्या पोरांचा टायफॉईड. वाडीत एकमताने ठरलं की ताप दांड्याहून आला. खारदांड्याच्या कोळणी टोपल्या घेऊन पार्ल्यात यायच्या. त्यांच्या गावच्या विहिरीचं पाणी घाण, ते त्या मासळीवर शिंपडतात, टोपलीतून ते गळतं, आणि आमच्या दारात रोग येतो. वाडीत कुणी मासळीला शिवत नव्हतं, पण तर्काला कोण अडवणार?

आमच्या सरांनी मला विषय दिला तो नेमका हाच. उपनगरातल्या विहिरींच्या पाण्यातले रोगकारक जंतू. सर म्हणजे खादीचा सदरा, स्वच्छ नखं, कुणावर कधी आवाज चढवणार नाहीत. म्युनिसिपालटीच्या कचेरीतून त्यांच्याकडे विचारणा आली होती की कोणत्या विहिरी बंद कराव्यात ते कळवा. "कुमुद, तू पार्ल्यात राहतेस, तुला सोपं पडेल," ते म्हणाले. मला आभाळ ठेंगणं झालं. वर्गात आम्ही दोनच मुली होतो, आणि दुसरीचं लग्न ठरलं होतं.

काम सांगायला सोपं. टायफॉईडचा जंतू पाण्यात हाताला लागणं कठीण, म्हणून त्याचे सोबती शोधायचे, माणसाच्या आतड्यात राहणारे जंतू. ते सापडले की समजायचं, या पाण्यात विष्ठा मिसळते आहे. सभ्य भाषेत याला प्रदूषण म्हणतात. पित्त घातलेला जांभळा काढा नळ्यांत भरायचा, प्रत्येक नळीत एक इवलीशी नळी उलटी सोडायची, मग पाणी घालून दोन दिवस उबेला ठेवायचं. जंतू असले तर काढा पिवळा पडतो आणि उलट्या नळीत हवेचा बुडबुडा धरतो. पित्ताची परदेशी पूड मिळेनाशी झाली की प्रयोगशाळेत बैलाचं ताजं पित्त येई आणि ते आम्हीच गाळायचं. घरी आले की आई मागीलदारी पाण्याची बादली भरून उभी असे. न्हाल्याशिवाय आत पाऊल नाही. आईला मी सांगितलं होतं की औषधाचा वास आहे. पित्त म्हटलं असतं तर शिक्षण त्याच दिवशी संपलं असतं.

दांड्याला मी पहिल्यांदा गेले ती नाकाला रुमाल लावून. खोटं कशाला बोलू, मीही त्याच वाडीत वाढले होते. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून गावात शिरले तेव्हा हिराबाई भेटली. हिराबाई आमच्या वाडीमागच्या नव्या चाळीत मासळी विकायला यायची, म्हणून तोंडओळख होती. पन्नाशीची, काळीसावळी, कमरेला पदर घट्ट खोचलेला.

"काय गो बाय, तू कशी काय आमचेकडं?"

मी बाटली दाखवली, काम सांगितलं. ती मला विहिरीशी घेऊन गेली. तिच्या भाषेत विहीर म्हणजे बाव. "ही आमची बाव," ती म्हणाली, जणू घरातली थोरली जाऊ दाखवावी. बाव वस्तीपासून लांब, वाळूत, कठडा अर्धा पडलेला. दिसायला भिकार. पण एक रीत मी तिथे बघितली. बावीला एकच बालदी, ती खुंटीला टांगलेली. कुणीही स्वतःचं भांडं आत सोडायचं नाही, बालदी जमिनीला टेकवायची नाही, आणि बावीजवळ कपडे धुवायचे नाहीत. एक पोरगी बालदी खाली ठेवायला गेली तर हिराबाईने तिला असा आवाज दिला की तिकडे होडीवरचे बाप्ये वळून बघायला लागले.

"कागदावर काय लिवशील तं खरं लिव हां," ती मला म्हणाली. "मानसं येतात, लांबूनच नाक मुरडतात नि सांगतात बंद करा. ही बाव गेली तं आमचे पोरींनी पानी कुठून आनायचा? दुसरी गोडी बाव हाय कुठं?"

माझ्या बाटलीला मी सुतळी बांधली होती, खाली दगड. ती बघून हिराबाई हसली. "ही सुटंल." तिने सुतळी सोडली आणि स्वतःच्या हाताने जाळ्याची गाठ घातली, विहिरीच्या नावाची चिठ्ठी तिच्यातच अडकवून. मी घरी येईस्तो ती गाठ उकलायचा प्रयत्न केला, नखं दुखली. ती सुटली नाही.

दोन दिवसांनी नळ्या बाहेर काढल्या. दांड्याचा काढा जांभळाच्या जांभळा. आमच्या वाडीचा पिवळा, प्रत्येक नळीत बुडबुडा.

 खरंतर कळायला हवं होतं. भाऊकाकांनी दोन वर्षांपूर्वी मागे दुमजली चाळ बांधली, तिच्या संडासाची टाकी विहिरीपासून वीस पावलांवर. वैशाखात पाणी तळाला जातं, तेव्हा विहीर आजूबाजूचं सगळं ओढून घेते. सोवळं विहिरीच्या वर चाललं होतं. खाली काय चाललंय ते बघायला कोण वाकणार?

सरांनी नळ्या बघितल्या आणि शांतपणे विचारलं, "पाणी कुणी काढलं?"

भाऊकाकांनी. माझी बाटली त्यांनी विहिरीत सोडू दिली नव्हती. कॉलेजातल्या सशाउंदरांच्या रक्तात बुडालेली बाटली देवाच्या पाण्यात? त्यांनी ओल्या पंचाने घागर काढली आणि वरून माझ्या बाटलीत ओतलं. सर म्हणाले, "मग घागर अशुद्ध असेल. नमुना बाद." हे बरोबर होतं. शास्त्राप्रमाणे होतं. मी मान डोलावली.

मग एका दुपारी भाऊकाका जेवून वामकुक्षीला आडवे झाले तेव्हा मी माझी बाटली आपल्या हाताने विहिरीत सोडली. आईने खिडकीतून बघितलं आणि तोंड फिरवलं. बिचारीने माझ्यासाठी आयुष्यात केलेलं सगळ्यात मोठं पाप ते. दांड्यालाही पुन्हा गेले, हिराबाईने पुन्हा गाठ मारली, आणि पुन्हा तेच. दांडा जांभळा, वाडी पिवळी. तेव्हा मी धावत जाऊन हिराबाईला सांगून आले, "मावशी, तुमच्या बावीचं पाणी झकास आहे." ती म्हणाली, "ते आमाला ठाव हाय. तू कागदावर लिव."

आता सर म्हणाले, "चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार."

"नाही झाली सर."

"कुमुद, विचार कर. एका बाजूला सुशिक्षित, स्वच्छ वस्ती. दुसऱ्या बाजूला कोळीवाडा. कठडासुद्धा धड नाही म्हणालीस ना तू? निसर्ग असा उलटा वागत नाही. तू दमली होतीस, बर्फाच्या टोपलीत चिठ्ठ्या भिजल्या, तू त्या चुकीच्या बाटल्यांना लावल्यास."

"सर, दांड्याच्या बाटलीची गाठ वेगळी आहे. जाळ्याची गाठ आहे ती. मला सोडवतासुद्धा येत नाही, तर बदलेन कशी?"

मी बाटली पुढे केली. सर हसले. मला ते हसणं अजून दिसतं. त्यात दुष्टपणा नव्हता. दुष्टपणा असता तर मी भांडले असते. त्यात माया होती, लहान मुलीने चंद्र मागितल्यावर हसावं तशी. "गाठीवर थिसिस होत नसतो," ते म्हणाले. आणि मग, "दिवस किती राहिलेत तुला ठाऊक आहे. वहीत दुरुस्ती करून ठेव, मी सही करतो."

मी इतकी वर्षं या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्यात. तुम्ही सोवळं पाळत नव्हतात सर, तुम्ही आमच्यासमोर इराण्याकडचा चहा पीत होतात, जातपात मानत नाही म्हणून सांगत होतात. मग भाऊकाकांच्यात नि तुमच्यात फरक काय होता? त्यांचं सोवळं पंचात होतं, तुमचं डोक्यात होतं. त्यांचं निदान दिसत तरी होतं. पेरणी, उबवणी, मोजणी, सगळं शास्त्रशुद्ध, आणि उत्तर मात्र आधीच ठरलेलं. मग मला त्या दुर्गंधीत कशाला बसवलंत? घरबसल्या लिहून टाकायचं होतं की, ब्राह्मणाचं पाणी शुद्ध आणि कोळ्याचं घाण. बैलाचं पित्त तरी वाचलं असतं.

पण शिव्या घालून होतात आणि शेवटी बोट माझ्याकडेच वळतं. वही माझी होती. पेन माझं होतं. मी तांबड्या शाईने लिहिलं, "चिठ्ठ्यांची अदलाबदल झाल्याचे लक्षात आल्यावरून वरील दोन निष्कर्ष परस्परांच्या जागी वाचावेत." किती सुबक वाक्य. अक्षर माझं मोत्यासारखं, सगळे नावाजायचे. सरांनी खाली सही केली. मला पदवी मिळाली. भाऊकाकांनी वाडीत पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, "आमच्या कुमुदने कॉलेजातून तपासून आणलंय. आपली विहीर म्हणजे गंगा."

हे सगळं मी परवा सईला सांगितलं. सांडलेला चहा पुसता पुसता ती ऐकत होती. मग म्हणाली, "पण तू भांडली का नाहीस गं? नकार द्यायचास ना सरळ."

आजकालच्या पोरींना वाटतं भांडणं म्हणजे तोंड उघडायचं, बस. मी तिला म्हटलं, "तुझ्या मॅमनी काढ म्हटल्यावर तू भांडलीस?"

"ते वेगळं आहे. ती नुसती चटणी आहे."

"आणि ती चटणी विकणारा माणूस?"

ती उठून आत गेली. मी बरं बोलले की वाईट, कोण जाणे. माझी जीभ मेली पहिल्यापासून अशीच, जिथे चालायला हवी तिथे सोडून बाकी सगळीकडे चालते. नकार दिला असता तर काय झालं असतं? सही मिळाली नसती. वर्ष गेलं असतं. भाऊकाकांनी पुढल्या वर्षी शिकवलं नसतं, स्थळं बघितली असती. एवढंच. एका गावाचं पाणी एका पारड्यात आणि माझं एक वर्ष दुसऱ्यात, आणि मी माझं वर्ष उचललं. बावीस वर्षांची होते, हे सांगून मी स्वतःला कितीदा माफ करायला बघितलं. जमत नाही. बाविसाव्या वर्षी गाठ ओळखता येत होती की.

सरांचा तक्ता कचेरीत गेला. एरवी एका अर्जाला तिथे सहा महिने लागत. हे काम पंधरा दिवसांत झालं. दांड्याच्या बावीत दगडमाती लोटली, वर चुना टाकला आणि पाटी ठोकली. मी बघायला गेले नाही. चाळीतल्या बायका बोलताना कानावर आलं. भाऊकाका म्हणाले, "उशिरा का होईना, सुचलं." त्याच आठवड्यात चाळीत एक पोर तापाने पडलं, आणि पाठोपाठ शेजारच्या बिऱ्हाडात एक बाई. सगळे म्हणाले, बघा, दांड्याचं पाणी बंद केलं तरी अजून अंश राहिलाय. मी मूग गिळून बसले. घरात मात्र आमच्या दोघींपुरतं पाणी मी उकळायला लागले. आईने कारण विचारलं नाही. भाऊकाकांना सांगायची हिंमत झाली नाही, फक्त शालूला म्हटलं की तापातून उठलेल्या माणसाने वर्षभर उकळलेलंच प्यावं. तेवढंच माझं शौर्य.

आणि मग ती दुपार. ज्येष्ठ लागला होता, आभाळ नुसतं कोंदून यायचं नि परत जायचं. मी मागीलदारी तांदूळ निवडत बसले होते. हिराबाई चाळीतून परत निघाली होती. तिने टोपली उतरवली आणि पायरीखाली बसली. चेहरा ओढलेला, ओठांना पापुद्रे आलेले.

"पानी दे गो बाय. घसा सुकलाय. आता पार लांबचे नळावरनं आनतो, दोन घागरी मिलतात दिसाच्या. त्या पोरांना पुरत नाय, मी कुठं पिऊ?"

एका शब्दाने तिने मला विचारलं नाही की तू काय लिहिलंस. माझ्यावर तिचा विश्वास होता. तिला वाटत होतं, मी खरं लिहिलं आणि वरच्यांनी ऐकलं नाही.

मी आत गेले. उकळलेलं पाणी सकाळीच संपलं होतं. माठात विहिरीचं होतं. मी तांब्या भरला, बाहेर आले. हिराबाईने रीतीप्रमाणे ओंजळ पुढे केली, मी वरून ओतायचं आणि तिने प्यायचं. मी तांब्या कलता केला. पाणी काठाशी आलं. आणि माझा हात पुढे जाईना.

"थांब मावशी," मी म्हटलं. "उकळून आणते."

तिची ओंजळ तशीच राहिली. तिने आधी तांब्याकडे बघितलं, मग 'गंगा' ठरलेल्या विहिरीकडे, मग माझ्याकडे. जाळं विणणारी बाई ती, धागा कुठून कुठे गेला ते तिला कुणी समजवायची गरज नव्हती.

"म्हंजे तुला ठाव व्हतं," ती म्हणाली.

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कोळणीच्या तोंडाची अख्ख्या पार्ल्याला धास्ती होती, आणि मी ते सगळं ऐकून घ्यायला तयार होते.  कोरडे हात तिने लुगड्याला पुसले आणि उठली. मासळीची टोपली जड असते, ती डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. आजवर प्रत्येक वेळी ती हाक मारायची, "जरा हात लाव गो बाय," आणि मी हात लावायचे, मग आईच्या बादलीने न्हायचे. त्या दिवशी मी तांब्या खाली ठेवून पुढे झाले.

तिने मला लांब राहायची खूण केली, गुडघा टेकला, आणि टोपली एकटीनेच उचलली.